दाराला चमक पाहिजे, खरं पॉलिशवाल्याच्या छातीचंही बघा

मा. संपादक साहेब यांस,
स. न. वि. वि.

मी वडगावचा सुतार. वडील हेच काम करायचे, आजोबा खानापूरकडं गाड्यांची चाकं आणि नांगर करायचे. पेपरला पत्र लिहायचं कधी जमलं नाही, आज लिहितोय कारण गणपती जवळ आले की आपल्याकडं घराघरात एकच घाई सुटते, गणपती यायच्या आत हॉलचं फर्निचर, मेन डोअर, देव्हारा सगळं चकाचक झालं पाहिजे. आणि ही घाई नेमकी आषाढ श्रावणात येते, म्हणजे बेळगावात पाऊस उघडतच नाही त्या दिवसांत. त्याच दिवसांत बंद खोलीत स्प्रे गननं क्लिअर पॉलिश मारलं जातं आणि त्यात दोन गोष्टी खराब होतात, एक लाकूड आणि दुसरा माणूस. लाकडाचं परत घासून करता येतं. माणसाचं करता येत नाही. माझ्या सख्ख्या पुतण्याचं झालंय म्हणून सांगतोय.

पुतण्या २९ वर्षांचा. बारावीनंतर माझ्या हाताखाली आला, हातात कला होती, पटाशीपेक्षा गन त्याला जास्त आवडायची. आठ वर्षं स्प्रे पॉलिशच केलं त्यानं, बेळगाव, चंदगड, पार गोव्यापर्यंत जायचा, आमच्याकडची बरीच पोरं कामाला गोव्याला जातातच. मागच्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी इथंच एका घरात वरच्या मजल्यावर कपाटं आणि टीव्ही युनिटला पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेनचं क्लिअर पॉलिश, मारायचं काम होतं. बाहेर धो धो पाऊस. घरवाले म्हणाले खिडक्या लाव, पावसाचा शिंतोडा येतोय आणि रस्त्याची घाण उडतेय. ह्यानंही लावल्या कारण त्यालाही ओल्या पॉलिशवर कचरा बसायला नको होता. तोंडाला रुमाल बांधला आणि तीन दिवस मारलं. तिसऱ्या रात्री त्याला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसून रात्र काढली, वहिनी पाठ चोळत बसलेली, छातीतून शिट्टीसारखा आवाज. आणि तिकडं कपाटाच्या पानांवर बारीक बारीक बुडबुडे आले म्हणून मालकांनी मजुरीतले पैसे कापले ते वेगळंच.

ते बुडबुडे आणि त्याची छाती, दोन्हीचं मूळ एकाच डब्यात होतं हे मला नंतर कळलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, ज्यांना घरात काम करून घ्यायचंय त्यांनी तरी वाचा.

वडिलांच्या वेळी क्लिअर पॉलिश म्हणजे चपडा. लाखेच्या किड्यापासून होतो, कुसुम, पळस, बोरीच्या झाडावर ते किडे असतात, त्या लाखेची पापडी करून विकायला येते. वडील रात्री स्पिरिटमध्ये चपडा भिजत घालायचे, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचे आणि कापसाचा बोळा करून गोल गोल हात मारायचे, बोळा चिकटू नये म्हणून मधेच जवसाच्या तेलाचा एक थेंब. एका दाराला पाच सहा दिवस जायचे. दिसायला फार सुंदर, सागवानाची रेघ न रेघ उठून दिसायची, आणि खराब झालं तर त्याच्यावरच परत हात मारता यायचा. खरं त्याचं दुखणं हे की गरम चहाची कपबशी ठेवली की पांढरा गोल उमटला, पाणी सांडलं की डाग. मग एनसी लॅकर आलं, म्हणजे थिनर उडून गेलं की वाळणारं पॉलिश, मग मेलामाईन, आता सगळीकडं पीयू. पीयू पाण्याला दाद देत नाही, ओरखडा कमी पडतो, मॅट पाहिजे तर मॅट, ग्लॉसी पाहिजे तर ग्लॉसी. माल चांगला आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत मला. मी स्वतः वापरतो.

आता गनचं. लोकांना वाटतं गन म्हणजे नुसतं बटण दाबलं की झालं. कॉम्प्रेसरमधून हवा येते, कपातला माल नोझलमधून बाहेर पडताना त्या हवेनं फुटतो आणि बारीक तुषार होऊन लाकडावर बसतो. क्लिअरला १.३ किंवा १.४ मिलिमीटरचं नोझल बरं पडतं. थिनर घालून माल किती पातळ करायचा ते डोळ्यानं ठरवतात बरेच जण, काडी बुडवून धार बघतात, खरं त्याला कप मिळतो, खाली भोक असलेला, तो भरून किती सेकंदात रिकामा होतो ते मोजायचं. जाड राहिला तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो, जास्त पातळ केला तर उभ्या दारावर ओघळ. गन लाकडापासून ६ ते ८ इंचावर, म्हणजे आपली एक वीत पुरती भरत नाही तेवढ्यावर, आणि सरळ न्यायची, मनगट फिरवून कोयत्यासारखी गोल फिरवली की मधे जाड आणि कडेला पातळ बसतो. कडेच्या आधी ट्रिगर दाबायचा, कड संपल्यावर सोडायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. नव्या पोरांनी आधी जुन्या प्लायच्या तुकड्यावर हात बसवावा, लोकांच्या दारावर नको.

खरी मेहनत गनच्या आधीची असते ते कुणाला दिसत नाही. १२० पासून सुरू करून १८०, २२० नंबरपर्यंत सँडपेपर मारायचा, तोही रेघेच्या दिशेनं, आडवा मारला की प्रत्येक ओरखडा क्लिअरखाली भिंग लावल्यासारखा दिसतो. सीलर, म्हणजे लाकडाची बारीक भोकं बुजवणारा पहिला हात, मारून वाळला की ३२० नं हलकं घासायचं, धूळ पुसायची, मग वरचा कोट. आपल्याकडं खानापूर भागातलं सागवान म्हणजे तेल धरणारं लाकूड, तेलात केलेलं वॉर्निश त्याच्यावर लवकर वाळत नाही, आधी थिनरच्या फडक्यानं पुसून लगेच काम धरलं तर बरं बसतं. बिजागऱ्यांना किंवा ड्रॉवरच्या पट्ट्यांना कुणी सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असेल तर संपलंच, क्लिअर तिथनं पळतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आणि आधी चपडा मारलेल्या जुन्या दारावर थेट पीयू मारू नका, चपड्यात मेण असतं, काही दिवसांनी वरचा पापुद्रा सुटतो. जुन्या वाड्यांची दारं पॉलिशला येतात तेव्हा ही चूक मी दोनदा बघितली आहे.

आता पावसाचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. एनसी लॅकर मारलं आणि पाच मिनिटात दार दुधासारखं पांढरट झालं की मालक म्हणतात माल डुप्लिकेट आणला. माल बऱ्याचदा चांगलाच असतो. सुई टोचायच्या आधी नर्स हाताला स्पिरिट लावते तेव्हा कसं गार लागतं, तसं थिनर उडून जाताना लाकडाचा वरचा थर गार करतं, आणि आषाढातली हवा पाण्यानं भरलेली असते, ते पाणी त्या गार थरावर दवासारखं बसतं आणि आत अडकतं. तोच पांढरेपणा. हवेतला दमटपणा ८० ८५ टक्क्यांच्या वर असेल तर हे व्हायची भीती फार, आणि आपल्याकडं जुलै ऑगस्टमध्ये, त्यातही खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला तर दिवसच्या दिवस तेवढा दमटपणा असतो. एनसीला यावर इलाज आहे, हळू उडणारं रिटार्डर थिनर थोडं घालायचं किंवा कोरडा दिवस बघून वरनं नुसतं हलकं थिनर मारायचं, थर परत विरघळतो आणि पाणी निघून जातं. मेलामाईन आणि पीयू मात्र एकदा पक्कं झालं की थिनरनं विरघळत नाही, घासूनच काढावं लागतं.

पीयूचं आणखी वेगळं. ते दोन डब्यांचं असतं, एक बेस आणि एक हार्डनर, दोन्ही मिसळले की आपोआप कडक व्हायला लागतं. हा हार्डनर आयसोसायनेट नावाच्या केमिकलचा असतो. त्याची पाण्याशी लगेच रिअॅक्शन होते आणि त्यातनं कार्बन डायऑक्साईड गॅस निघतो, म्हणूनच हार्डनरचं झाकण नीट लावलं नाही तर डबा फुगतो. आता विचार करा, ओलं लाकूड, ओली हवा, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं (हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटून टाकीत जमतंच, पावसाळ्यात तर वाटीभर निघतं, खालचा कॉक उघडून रोज काढायला पाहिजे आणि पाईपला पाणी अडवणारा फिल्टर पाहिजे), हे सगळं पाणी त्या हार्डनरला मिळालं की थराच्या आत गॅस होतो आणि बुडबुडे येतात. पुतण्याच्या त्या कपाटांना हेच झालं होतं. मजुरी त्याची कापली गेली, खरं भर पावसात अमुक तारखेच्या आत पाहिजेच म्हणून अडून बसलेल्या मालकांचाही त्यात वाटा होता असं मला आजही वाटतं.

आणि तेच केमिकल माणसाच्या छातीत काय करतं ते आता सांगतो. साध्या गनमधून उडवलेल्या मालातला निम्म्याहून जास्त माल लाकडाला लागतच नाही, धुक्यासारखा खोलीत उडत राहतो, मागच्या भिंतीवर बसतो, जमिनीवर बसतो आणि श्वासातून आत जातो. आयसोसायनेटचं वाईट हे की थिनरसारखा त्याचा वास येत नाही, निदान धोका होईल इतकं हवेत असलं तरी नाकाला कळत नाही. वास येतोय तो थिनरचा. त्यामुळं वास कमी झाला म्हणजे हवा चांगली झाली असं समजू नका. काही जणांना वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एक दिवस शरीर त्याच्यावर उलटतं, दमा होतो, आणि एकदा का तसं झालं की पुढं अगदी थोडं जरी आत गेलं तरी परत अटॅक येतो. भाचीनं नर्सिंग केलंय, तिनं मला मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, अमेरिकेच्या नायॉश नावाच्या सरकारी संस्थेनं १९९६ सालीच याबद्दल कामगारांसाठी इशारा काढलेला आहे, त्यात दम्याचं तर आहेच, मरणाचंही आहे. म्हणजे मी ऐन उमेदीत काम करत होतो तेव्हापासून जगाला माहीत आहे, आणि आमच्या गल्लीत २०२४ साल उजाडलं तरी माहीत नव्हतं.

पुतण्याला चार महिने कुणाला कळलं नाही. खोकल्याची बाटली झाली, अँटिबायोटिक झालं, धुळीची अॅलर्जी म्हणून सांगितलं. मग एका डॉक्टर बाईंनी दोनच प्रश्न विचारले, काम काय करतोस आणि काम नसतं त्या दिवशी कसं वाटतं. तो म्हणाला रविवारी बरं असतं, गावी जत्रेला चार दिवस गेलो तेव्हा खोकला नव्हताच, आणि त्रास कामावर असताना कमी, रात्री घरी आल्यावर जास्त. त्या म्हणाल्या डब्याचा फोटो घेऊन ये. ही खूण सगळ्या पॉलिशवाल्यांनी आणि त्यांच्या घरच्या बायकांनी लक्षात ठेवा, काम असतं त्या दिवसांत रात्री खोकला किंवा छाती भरणं आणि सुट्टीत आराम, असं होत असेल तर डॉक्टरांना आपण काय मारतो ते आपणहून सांगा, डबा किंवा फोटो न्या. ते विचारतील याची वाट बघू नका. पुतण्यानं गन सोडली. आता माझ्याबरोबर फिटिंगचं करतो, शेजारच्या खोलीत पीयू चालू असलं तर त्याला बाहेर जावं लागतं.

मेलामाईनवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. मेलामाईन मारताना डोळे झोंबतात, नाकातनं पाणी येतं, तो फॉर्मल्डिहाईड असतो, आणि तो कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्यांत, धरलाय. घासताना उडणारी लाकडाची बारीक धूळसुद्धा त्याच गटात आहे. आम्ही सुतार ती धूळ अंगाखांद्यावर घेऊन घरी येतो, पोरांना तसंच उचलून घेतो.

रुमाल, सर्जिकल मास्क, कोविडमधला कापडी मास्क यातलं काहीही वाफ अडवत नाही. वाफेला कार्ट्रिजचा मास्क लागतो, रबराचा, दोन बाजूला दोन गोल डबे असतात, त्यात कोळशाचा भुगा असतो आणि वर तुषार अडवायचं फिल्टर. दुकानात मागताना ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज म्हणून मागायचं. दाढी वाढलेली असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही, कडेनं हवा आत येते, म्हणून दाढी करून घालायचा. काम झालं की कार्ट्रिज झिपच्या पिशवीत बंद करून ठेवायचं, उघडं ठेवलं तर हवेतली वाफ शोषून ते तसंच संपतं. आणि पीयूसाठी हेही कमी पडतं, कारण कार्ट्रिज संपलं की साध्या थिनरचा वास यायला लागतो म्हणून कळतं, आयसोसायनेटला वासच नाही तर कळणार कसं. त्याला खरा उपाय बाहेरची स्वच्छ हवा पाईपनं तोंडावर देणारा मास्क. तो महाग आहे, एकट्या पोराला झेपत नाही, खरं चार पाच जणांनी मिळून एक ठेवला आणि पीयूचं काम वर्कशॉपवरच घेतलं तर जमण्यासारखं आहे.

वर्कशॉपचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडं लोकांना सगळं घरीच करून पाहिजे असतं, डोळ्यासमोर. खरं दाराची पानं, कपाटाची पानं, ड्रॉवरचे दर्शनी भाग हे सगळं स्क्रू काढला की सुटतं. ते उतरवून शेडमध्ये घोडीवर आडवं ठेवून मारलं तर ओघळ येत नाही, धूळ कमी बसते, हवा खेळती राहते आणि तुमच्या घरातली म्हातारी माणसं, लहान पोरं त्या वाफेत झोपत नाहीत. घरात उरतं ते फक्त चौकट आणि कपाटाचं खोकं, त्याला ब्रशनं नाहीतर कापडानं लावता येतं, पाण्यातलं पीयू मिळतं आता, ते वापरता येतं, त्याला वास आणि थिनर पुष्कळ कमी. त्यातही काहींना हार्डनर असतो, तेवढं विचारून घ्यावं. पानं नेण्या आणण्याचं टेम्पोभाडं आणि एक दोन दिवस जास्त, एवढाच फरक पडतो.

आणि घरातच मारायचं असेल तर खिडक्या उघड्या पाहिजेत, एका बाजूनं हवा आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर. धूळ येते हे मला मान्य आहे. त्यासाठी आदल्या दिवशी झाडून घ्या, सकाळी फरशी ओल्या फडक्यानं पुसा, उघड्या खिडकीला पातळ जुनी साडी लावा, सीलिंग फॅन बंद ठेवा, आणि एवढं करून एखादा कण बसलाच तर वाळल्यावर २००० च्या पेपरनं आणि पॉलिशच्या पेस्टनं तो काढता येतो, आम्ही काढून देतो. कणासाठी खिडकी बंद करू नका. आणखी एक, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून पसरत जाते, जिन्यावरून खाली उतरते. खाली स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असेल, देवापुढं निरांजन असेल, तर ती तिथपर्यंत जाऊन पेट घेऊ शकते. स्प्रे चालू असताना घरात दिवा, उदबत्ती, गॅस, विडी काही नको. साधा टेबल फॅन वाफेच्या वाटेवर ठेवून हवा बाहेर फेकायची युक्ती काही पोरं करतात, तीही नको, त्याच्या मोटरमध्ये किंवा बटणात ठिणगी पडू शकते.

ज्यांना गन घ्यायचीच आहे त्यांनी एचव्हीएलपी गन घ्यावी. त्यात हवा जास्त पण दाब कमी, गनच्या तोंडाशी १० पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आत, आणि नीट चालवली तर निदान ६५ टक्के माल लाकडावर बसतो. महागड्या पीयूत माल वाचला म्हणजे पैसे वाचलेच, आणि हवेत उडणारं धुकं कमी. वेग थोडा कमी मिळतो, एवढंच.

दुकानदारांना माझी विनंती आहे. डब्यावरचा धोक्याचा मजकूर इंग्रजीत असतो, अक्षर मुंगीएवढं. आमच्या भागात पॉलिशवाली पोरं कुणी मराठी शाळेत शिकलेली, कुणी कन्नड, कुणी यूपी राजस्थानातून आलेली. इथं पाटीवरून, भाषेवरून किती वर्षं काय काय चाललंय ते तुम्हा आम्हाला माहीत आहे, त्यात मला आज पडायचं नाही. खरं हार्डनरचा डबा विकताना मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत छापलेला एक अर्ध्या पानाचा कागद हातात दिला, त्यात बंद खोलीत मारू नका, हा मास्क लावा, हा त्रास झाला तर डॉक्टरला हे सांगा, एवढं लिहिलं, तर त्यात कुणाचंही काही जात नाही. मराठी मजकूर मी आणि भाची लिहून द्यायला तयार आहोत. आणि हार्डनर मागणाऱ्याला मास्क आहे का एवढं काउंटरवर विचारलं तरी पुष्कळ झालं. पुतण्याला आठ वर्षांत एकाही दुकानात कुणी विचारलं नाही.

सरकारकडं मागायचं तर दोन गोष्टी आहेत. १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना चालू आहे, १८ धंद्यांत सुतार आहे, पाच सात दिवसांचं ट्रेनिंग, रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार. चांगली योजना आहे. त्या ट्रेनिंगमध्ये एक दिवस फक्त स्प्रे, केमिकल आणि मास्कवर ठेवा, आणि अवजारांच्या पैशातून मास्क घेता येईल असं करा. दुसरं, बांधकाम कामगारांचं लेबर कार्ड निघतं, १८ ते ६० वयाच्या माणसानं वर्षात ९० दिवस काम केलेलं पाहिजे. घराचं फर्निचर, दारं, पेंटिंग करणाऱ्या कितीतरी पोरांनी अजून कार्ड काढलेलं नाही, कारण आम्ही कुठं बांधकामवाले असं त्यांना वाटतं. कार्ड काढा. आणि कार्डधारकांच्या तपासणी शिबिरात स्प्रेवाल्यांची फुंकर मारून करायची फुप्फुसाची टेस्ट करा, ती थोड्या वेळात होते. पुतण्याची ती दोन वर्षं आधी झाली असती तर कदाचित त्याची गन सुटली नसती, नुसती पद्धत बदलली असती.

घरमालकांनी यावर्षी एवढं करावं. गणपतीला पॉलिश पाहिजे असेल तर मे महिन्यात सांगा, नाहीतर दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा, तेव्हा हवा कोरडी असते, लाकूडही सुकलेलं असतं आणि थर आरशासारखा बसतो. कोटेशन घेताना मास्क आणि कार्ट्रिजचे पैसे वेगळे लिहून मागा आणि ते द्या. ऐन पावसात कुणी म्हणालं की दोन दिवस थांबू या, उद्या ऊन बघू, तर त्याच्यावर चिडू नका, तो तुमचंच काम वाचवतोय. मी स्वतः या आषाढापासून भर पावसातलं स्प्रेचं काम घ्यायचं बंद केलं, तीन गिऱ्हाईकं गेली दुसरीकडं, दोन थांबली आहेत.

आपला,
एक सुतार, वडगाव, बेळगाव

ता. क. एक राहिलं. जवसाच्या तेलानं पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तेल वाळताना गरम होतं आणि फडकं रात्रीतनं आपोआप पेटू शकतं. पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर बाहेर तारेवर एकेक पसरून वाळवा. आणि उरलेलं थिनर पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका, ते पाण्यासारखंच दिसतं आणि लहान पोरं उचलून तोंडाला लावतात.